बायोसमध्ये पर्याय नसताना क्यू६६०० तीन गिगाहर्ट्झवर: टेप मॉडची रीतसर पद्धत

जुना ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉप हाती येतो. आत कोअर २ क्वाड क्यू६६०० असतो. बायोस उघडावा तर तारीख, वेळ, बूटचा क्रम आणि पासवर्ड, एवढंच; बसचा (प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यातल्या डेटाच्या वाटेचा) वेग बदलायचा पर्याय औषधालाही नाही. अशा बोर्डावर हा प्रोसेसर २.४ वरून ३.० गिगाहर्ट्झला न्यायचा जुना उपाय म्हणजे टेप मॉड. प्रोसेसरच्या पोटाखाली ७७५ पॅड, म्हणजे धातूचे सपाट ठिपके असतात, त्यांतल्या एकावर जेमतेम मिलिमीटरभर टेप लावायची.

टेप लावायला दहा मिनिटं पुरतात. मात्र तुमचा बोर्ड, रॅम आणि कूलर हा वेग पेलतील का, हे टेपला हात लावण्याआधीच बघून घ्यावं लागतं, आणि नवीन माणूस नेमका तिथेच घाई करतो. म्हणून या लेखाचा अर्धा भाग तपासणीचाच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो: तुमच्या बायोसमध्ये एफएसबीचा, म्हणजे याच बसचा आकडा बदलता येत असेल, तर टेपच्या भानगडीत पडू नका. दोन ते चार या पायऱ्यांतली तपासणी उरका, तिथे २६६ च्या जागी ३३३ टाका आणि थेट सातव्या पायरीवर या.

१. आधी आतली गंमत समजून घ्या

प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले गुणक. क्यू६६००चा गुणक ९ आहे आणि तो वरच्या बाजूने कुलूपबंद आहे. बस २६६ मेगाहर्ट्झची, म्हणून २.४ गिगाहर्ट्झ. बस ३३३ केली की तोच गुणक ३.० गिगाहर्ट्झ देतो.

बस किती वेगाने चालवायची हे बोर्डाला कळतं ते बीसेल० (जी२९), बीसेल१ (एच३०) आणि बीसेल२ (जी३०) या तीन पॅडांवरून. प्रोसेसर यांतले काही पॅड ग्राउंडला ओढून 'लो' ठेवतो. जे मोकळे राहतात त्यांना बोर्डावरचे रेझिस्टर 'हाय'कडे ओढतात. बीसेल२, १, ० या क्रमाने वाचलं तर आपल्या कामाच्या जोड्या अशा:

लो, हाय, लो: २०० मेगाहर्ट्झ
लो, लो, लो: २६६ मेगाहर्ट्झ
हाय, लो, लो: ३३३ मेगाहर्ट्झ
हाय, हाय, लो: ४०० मेगाहर्ट्झ

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत फरक फक्त बीसेल२चा आहे. जी३० पॅड झाकला की प्रोसेसरला तो खाली ओढता येत नाही, बोर्डाचा रेझिस्टर त्याला वर धरून ठेवतो आणि बोर्डाची समजूत होते की सॉकेटमध्ये कारखान्यातूनच ३३३ बसचा प्रोसेसर आलाय.

या समजुतीचा मोठा फायदा असा, की क्लॉक जनरेटर आणि चिपसेट दोघेही हेच पॅड वाचतात. त्यामुळे पीसीआय आणि पीसीआय एक्स्प्रेसचे वेग जागच्या जागी राहतात आणि रॅमचं गुणोत्तरही चिपसेट नव्याने ठरवतो. बायोसमधून एक-एक मेगाहर्ट्झ वाढवताना जी कसरत होते, ती इथे नाही. अर्थात मधले टप्पेही नाहीत. २६६ नंतर एकदम ३३३. चाललं तर चाललं, नाही तर टेप काढायची.

ही युक्ती काही नवी नाही. १९९८च्या सेलेरॉन ३००एच्या काळात स्लॉट १ कार्डावरची बी२१ ही पट्टी टेपने किंवा नेलपॉलिशने झाकून लोक ६६ची बस १०० करत आणि ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर नेत. त्याच्याच थोडं पुढे एएमडीच्या अॅथलॉनवर शिसपेन्सिलीने एल१ पूल जोडून गुणकाचं कुलूप उघडायची टूम निघाली. त्या मानाने आपली टेप फारच सभ्य. काढली की प्रोसेसर जसाच्या तसा.

२. बोर्ड ऐकणार का?

सीपीयू-झेड हा प्रोसेसर आणि बोर्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम चालवा आणि मेनबोर्डच्या टॅबमध्ये चिपसेट (प्रोसेसरला रॅम आणि बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप) बघा.

पी३५, जी३३, क्यू३३, क्यू३५ यांना १३३३ची (म्हणजे आपल्या ३३३चीच, खुलासा खाली आहे) बस अधिकृतपणे चालते. पुढच्या मालिकेतले जी४१, जी४३, जी४५, पी४३, पी४५, क्यू४३, क्यू४५ यांनाही चालते. यांतला एखादा असेल तर पुढे जा.

९४५ आणि ९६५ या जुन्या मालिकांची अधिकृत मर्यादा १०६६ आहे. त्यांतले काही बोर्ड ३३३ वर चालतातही, पण ज्या बोर्डाला बायोसमध्ये काहीच बदलता येत नाही तिथे मी तरी त्या भरवशावर राहणार नाही. बहुतेकदा पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो.

चिपसेट ठीक असला तरी कंपनीने तो बोर्ड कसा बांधलाय हे उरतंच. त्यासाठी बोर्डाच्या किंवा डेस्कटॉपच्या समर्थित प्रोसेसरांच्या यादीत ई८४००, ई६८५० किंवा क्यू९५५० शोधा. हे सगळे जन्मतःच ३३३ बसचे. यांपैकी एक जरी सापडला तरी बोर्डाला ३३३ येतं. यादी बघताना बायोसची कुठली आवृत्ती लागते तेही तिथेच लिहिलेलं असतं. अपडेट करायचं असेल तर ते टेप लावण्यापूर्वी, मूळ वेगावर असतानाच उरका.

इथला नेहमीचा घोळ आकड्यांचा. २६६ आणि १०६६ ही एकाच बसची दोन नावं आहेत, कारण इंटेलची ही बस एका ठोक्यात चारदा डेटा पाठवते. ३३३ आणि १३३३चंही तेच. सीपीयू-झेडमध्ये 'बस स्पीड' म्हणजे लहान आकडा, 'रेटेड एफएसबी' म्हणजे मोठा. त्यातच रॅमच्या टॅबमध्येही ३३३ दिसू शकतो, तो डीडीआर२-६६७चा खरा ठोका. त्याचा बसशी संबंध जोडून काम आधीच झालंय असं समजू नका.

३. रॅम

डीडीआर२-६६७ असेल तर ती ३३३ बसबरोबर एकास एक चालते. डीडीआर२-८०० असेल तर उत्तम. डीडीआर२-५३३च्या पट्ट्या मात्र काढून ठेवा, कारण या पिढीतले चिपसेट साधारणपणे रॅमला बसपेक्षा हळू चालवत नाहीत. जी४१च्या काही बोर्डांवर डीडीआर३ असते, तिथे हा प्रश्नच येत नाही.

मिसळलेल्या पट्ट्यांबद्दल सावध राहा. चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार पट्ट्या मूळ वेगावर गुण्यागोविंदाने नांदत असतील, तरी पहिल्या चाचणीला सारख्या दोनच ठेवा. उरलेल्या नंतर घाला.

४. उष्णता, वीज आणि व्होल्टेज

प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर एसएलएसीआर लिहिलंय की एसएल९यूएम, ते बघा. पहिला जी० स्टेपिंगचा (म्हणजे त्या सुधारित आवृत्तीचा), ९५ वॉटचा. दुसरा बी३, १०५ वॉटचा. झाकणाच्या तापमानाची मर्यादाही जी०ला ७१ अंश आणि बी३ला ६२.२ अंश आहे. म्हणजे बी३ जास्त तापतो आणि कमी सोसतो. बी३ असेल तर चांगल्या कूलरशिवाय या वाटेला जाऊ नका.

व्होल्टेज तेवढंच राहिलं तर वीज साधारण वेगाच्या प्रमाणात वाढते. वेग पंचवीस टक्के वाढला की ९५ वॉटचे ११९च्या आसपास होतात. दुसऱ्या बाजूनेही अंदाज बांधता येतो: इंटेलने याच जातीचा कोअर २ एक्स्ट्रीम क्यूएक्स६८५० कारखान्यातूनच ३३३ गुणिले ९, म्हणजे ३.० गिगाहर्ट्झवर विकला आणि त्यावर १३० वॉट लिहिलं. कूलर आणि बोर्डाचं वीजमंडळ तेवढ्या तयारीचं आहे का, असं स्वतःला विचारा. सॉकेटशेजारच्या मॉस्फेटांवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या छोट्या काळ्या चिपांवर) साधा हीटसिंकही नसेल आणि कॅबिनेटमध्ये हवा खेळत नसेल, तर आधी पंख्यांची सोय करा. फुगलेले कपॅसिटर दिसले तर त्या बोर्डावर हा प्रयोग नकोच.

आता व्होल्टेज. प्रत्येक प्रोसेसरमध्ये त्याला हवं असलेलं व्होल्टेज, म्हणजे व्हीआयडी, कोरलेलं असतं आणि ते नगागणिक वेगळं असतं. कोअर टेम्प या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ते दिसतं. ज्यांच्या बायोसमध्ये सगळं बदलता येतं ती मंडळी कमी व्हीआयडीचा नग शोधत फिरतात, कारण तो थंड राहतो आणि लागेल तेव्हा व्होल्टेज वाढवता येतं. तुमच्या बंदिस्त बोर्डावर गणित उलटं होऊ शकतं. बोर्ड व्हीआयडीएवढंच व्होल्टेज देणार, वर एक कणही नाही. त्यामुळे १.२ व्होल्टचा नामी नग ३.० वर अडखळतो आणि १.३ व्होल्टचा 'वाईट' नग तापतो पण बिनतक्रार चालतो, असं घडू शकतं. व्हीआयडीचे पॅड झाकून-जोडून व्होल्टेज वाढवायच्याही युक्त्या आहेत. पहिल्यांदा करणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये, कारण तिथे एक पॅड चुकला तर प्रोसेसरला भलतंच व्होल्टेज मिळतं.

एवढं वाचून हिशेब जुळत नसेल तर सरळ प्रोसेसर बदला. तुमच्या बोर्डाला चालत असेल तर क्यू९५५० हा ४५ नॅनोमीटरचा, २.८३ गिगाहर्ट्झचा आणि ९५ वॉटचाच आहे. तो टेप लावलेल्या क्यू६६००पेक्षा बराच शांतपणे तेवढंच काम करतो.

५. साहित्य

- पातळ, उष्णता सोसणारी इन्सुलेटिंग टेप. पिवळसर पॉलिइमाइड टेप सर्वांत चांगली. वायरमन वापरतात ती काळी टेप चालते, पण ती जाड असते आणि तापल्यावर तिचा डिंक सुटून सॉकेटच्या पिनांना लागतो.
- धारदार ब्लेड आणि काचेचा तुकडा
- बारीक टोकाचा चिमटा, भिंग, भरपूर उजेड
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड
- नवी थर्मल पेस्ट
- सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण, असल्यास
- पेन ड्राइव्हवर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्लस. संगणकात सीपीयू-झेड, कोअर टेम्प आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्राइम९५
- तुमच्या प्रोसेसरच्या इंटेल डेटाशीटमधली पॅडांच्या नकाशाची पानं, छापून

शेवटची वस्तू टाळू नका. इतरांनी काढलेल्या फोटोंवरून पॅड शोधणं हा या कामातला सगळ्यात मोठा सापळा आहे.

६. प्रोसेसर काढणं, पॅड शोधणं, टेप लावणं

आधी मूळ वेगावर अर्धा तास प्राइम९५ चालवून चारही कोअरची तापमानं आणि व्होल्टेज लिहून ठेवा. मूळ वेगावरच कोअर धापा टाकत असतील तर पेस्ट वाळली आहे. ती बदलून पुन्हा मोजा.

मग यंत्र बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कूलर थोडा कोमट असतानाच काढा, पेस्ट सहज सुटते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. सॉकेटची दांडी उचला आणि प्रोसेसर कडेने धरून सरळ वर घ्या. या सॉकेटमध्ये पिना बोर्डाच्या बाजूला असतात आणि केसासारख्या वाकतात, म्हणून प्रोसेसर निघाला की लगेच प्लॅस्टिकचं झाकण लावा. उघड्या पिनांवर चिमटा पडला तर टेप मॉडचा विषय तिथेच संपतो.

आता नकाशा. डेटाशीटमधला नकाशा प्रोसेसरकडे वरून बघितल्यासारखा काढलेला असतो. तुम्ही मात्र प्रोसेसर उलटा करून पोट बघणार आहात. म्हणजे नकाशातली डावी बाजू तुमच्या हातात उजवीकडे येते. नकाशाचा कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरा आणि मागून दिसणाऱ्या आकृतीवर पेनने पॅड गिरवा; हा गिरवलेला कागद तुमच्या समोरच्या पोटाशी जुळेल. दिशा पक्की करायला कडेच्या दोन खाचा आणि कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण डेटाशीटच्या आकृतीशी जुळवा.

रांगांना अक्षरं आहेत, ए पासून एएन पर्यंत. स्तंभांना १ ते ३० आकडे. जी३० हा ३० व्या स्तंभातला, म्हणजे अगदी बाहेरच्या कडेचा पॅड, ए पासून सातव्या रांगेत. त्याला लागून आठव्या रांगेत एच३० आणि आतल्या बाजूला जी२९. तिघे मिळून काटकोन करतात. मोजताना पॅड मोजू नका, जागा मोजा. कडेला काही जागा रिकाम्या सोडलेल्या असतात आणि नुसते पॅड मोजले तर तुम्ही पुढच्याच रांगेत जाऊन पोचता. ए कडून मोजा, मग एएन कडून मोजा. दोन्ही उत्तरं एकाच पॅडवर यायला हवीत.

पॅड सापडला की त्या भागावरून अल्कोहोलचं कापड हलकेच फिरवा आणि सुकू द्या. टेप काचेवर चिकटवा आणि ब्लेडने मिलिमीटरभर रुंदीची पट्टी कापा. पॅडांमधलं अंतर एका दिशेला १.०९ आणि दुसऱ्या दिशेला १.१७ मिलिमीटर असतं, त्यामुळे दीड मिलिमीटरची पट्टी शेजारच्या पॅडवर चढणारच. पट्टी चिमट्याने उचलून जी३० वर ठेवा. पॅड कडेचा असल्यामुळे पट्टीची शेपटी बाहेरच्या बाजूला थोडी लांब सोडता येते. पुढे टेप काढताना तीच पकडायला उपयोगी पडते. ती वरच्या बाजूला मात्र दुमडू नका, तिथे सॉकेटची चौकट दाबते.

मग लाकडी दातकोरणीच्या बोथट बाजूने पट्टी दाबा आणि भिंगातून तीन गोष्टी बघा: जी३० पूर्ण झाकलाय, एच३० आणि जी२९ पूर्ण उघडे आहेत, आणि डिंकाचा धागा कुठे ओढला गेलेला नाही. पटत नसेल तर काढून नवी पट्टी लावा. जुनी पट्टी सरकवत बसलं की डिंक पसरतो.

प्रोसेसर सरळ खाली ठेवा, सॉकेटमध्ये इकडेतिकडे घासू नका, टेप तिथेच सरकते. दांडी लावा, पेस्ट घाला, कूलर बसवा. ढकलून बसवायच्या चार खुंट्यांचा कूलर असेल तर समोरासमोरच्या जोड्यांनी दाबा आणि बोर्डाच्या मागून चारही टोकं बाहेर आलीत का ते बघा. टेप निर्दोष, पण चौथी खुंटी अर्धवट, हा प्रकार फार होतो आणि त्याचा दोष उगाच ओव्हरक्लॉकवर जातो.

७. पहिली सुरुवात आणि चाचणी

हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. अस्थिर रॅमवर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाली तर ती डिस्कवर भलतंसलतं लिहू शकते, आणि तो तोटा प्रोसेसर जाण्याहून मोठा असतो.

पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ प्लस सुरू करा. पडद्यावर ३.० गिगाहर्ट्झच्या आसपासचा आकडा दिसला की पॅड बरोबर लागला. दोन पूर्ण फेऱ्या निर्दोष झाल्या की डिस्क जोडा.

पडदा काळाच राहिला तर वीज काढून सीमॉस (बायोसच्या सेटिंगची साठवण) साफ करा आणि एकदा पुन्हा बघा. तरीही काही नाही, तर टेप काढा. २६६ वर यंत्र पूर्ववत सुरू झालं तर बोर्ड ३३३ स्वीकारत नाही, किंवा रॅम आडवी आलीये. सारख्या दोन पट्ट्या आणि डीडीआर२-८०० घालून आणखी एक प्रयत्न करायला हरकत नाही. यंत्र सुरू झालं पण वेग २.४ च आहे, तर टेप चुकीच्या पॅडवर आहे किंवा सरकलीये. तसंच चालवत न बसता उघडून बघा, कारण झाकलेला पॅड दुसऱ्याच कुणाचा तरी असणार.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आल्यावर दोन दृश्यं नवीन माणसाला घाबरवतात. पहिलं, विंडोजच्या माहितीत नावापुढे अजूनही '२.४०' लिहिलेलं असतं. ते नाव प्रोसेसरच्या आत कोरलेलं आहे, बदलणार नाही. दुसरं, सीपीयू-झेड २.० गिगाहर्ट्झ दाखवतो. रिकाम्या वेळी स्पीडस्टेप ही वीज वाचवणारी सोय गुणक ६ वर आणते, आणि ३३३ गुणिले ६ म्हणजे २.०. पूर्वी याच वेळी १.६ दिसायचा. काम दिलं की आकडा ३.० वर जातो.

आता प्राइम९५. आधी 'स्मॉल एफएफटी', यात प्रोसेसर सर्वांत जास्त तापतो. तापमान बघताना कोअर टेम्पमधला कमाल मर्यादेपर्यंतचं अंतर दाखवणारा आकडा धरा, तो या पिढीत अंशांच्या आकड्यापेक्षा भरवशाचा. पूर्ण भारावर वीस अंशांचं अंतर उरलं पाहिजे. दहाच्या आत आलं तर थांबवा आणि कूलर सुधारा. त्यानंतर 'ब्लेंड' रात्रभर, यात रॅम आणि नॉर्थब्रिजची (चिपसेटमधल्या मुख्य चिपची) परीक्षा होते. चारपैकी एखादा वर्कर (एकेका कोअरवरचं काम) राउंडिंगची, म्हणजे आकडेमोडीची चूक दाखवून थांबला तर यंत्र अस्थिर आहे, बाकी तिघे चालू असले तरी. 'तेवढं चालतं' म्हणून सोडू नका.

इथे एक आडवळणाचा दोष सांगतो. यंत्र भाराखाली तासन्‌तास चालतं आणि नुसतं पडून असताना गोठतं. कारण असं, की रिकाम्या वेळी स्पीडस्टेप व्होल्टेजही खाली आणते, आणि ते खालचं व्होल्टेज १.६ गिगाहर्ट्झसाठी ठरवलेलं असतं. आता त्यावर २.० चालवावं लागतं. बायोसमध्ये स्पीडस्टेप आणि सी१ई (तशीच दुसरी वीजबचतीची सोय) बंद करून बघा. ब्रँडेड यंत्रांतही हा एक पर्याय बरेचदा असतो. म्हणून चाचणीत एक रात्र यंत्र काहीही न करता चालू ठेवणंही धरा.

८. इतर प्रोसेसरांसाठी

ई६३००, ई६४००, ई६६०० यांची बसही २६६ची, तेव्हा हीच टेप याच जी३० वर. वेग अनुक्रमे २.३३, २.६६ आणि ३.० होतो. दोनच कोअर असल्याने उष्णतेची काळजी बरीच कमी.

ई२१४०, ई४३००, ई५२०० यांची बस २०० आहे. त्यांना २६६ वर न्यायला बीसेल१ लो करावा लागतो, म्हणजे झाकण्याऐवजी एच३० ग्राउंडच्या पॅडला विद्युतवाहक शाईने जोडावा लागतो. शाईचा थेंब चुकीच्या पॅडवर गेला तर वीजपुरवठा आणि ग्राउंड थेट जोडले जाऊ शकतात. टेपवर हात बसल्याशिवाय हे करू नका.

ई८४०० बीसेल१ झाकून ४०० वर, म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झवर जातो, पण १६००ची बस फार थोड्या बोर्डांना चालते. ऑफिसच्या डेस्कटॉपवर ती अपेक्षा ठेवू नका.

सगळं नीट चाललं की कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: 'जी३० वर टेप आहे, बस ३३३.' पुढे कुणी पेस्ट बदलायला प्रोसेसर काढेल आणि कचरा समजून ती पट्टी पुसून टाकेल, किंवा हाच प्रोसेसर ९४५च्या बोर्डात घालून तो मेला असं ठरवेल.